कारलेतुला

संध्याताई तायडे यांना शुगर होती, आणि त्या दिवशी सकाळी त्यांच्या पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा आणि लिमलेटच्या गोळ्या होत्या. शुगर आणि गोड, या दोन गोष्टी एकाच बाईजवळ असणं अमरावती विभागातल्या बहुतेक सुजाण नागरिकांना पटणारं नाही, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. पण सवयच तशी पडली होती. इयत्ता तिसरीत असताना त्यांना शुगर निघाली, तेव्हापासून गोड जवळ बाळगल्याशिवाय त्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे व्हायला आले होते.

अकोल्याच्या घरून निघताना त्यांच्या आईनं, इंदूबाईंनी, पर्स उघडून पुडा चाचपून पाहिला. लेक पन्नाशीला टेकली तरी ही झडती चुकली नव्हती.

“जेवन आदी डोयानं पायजो, मंग सुई टोचजो,” इंदूबाई म्हणाल्या. “मोठ्या लोकायच्या कार्यक्रमात जेवन कवा भेटंल, काई भरोसा नाई राहत.”

इथं वाचकांच्या माहितीसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. शुगर दोन प्रकारची असते. एक उतारवयात येते, निवृत्तिवेतनाबरोबर शोभून दिसते आणि तिच्याविषयी चारचौघांत अभिमानानं बोलता येतं. दुसरी लहानपणीच येते. तिच्यात शरीर इन्सुलिन तयार करणंच बंद करतं आणि मग ते रोज बाहेरून टोचून घ्यावं लागतं, जन्मभर, त्यात किरकोळ रजा नाही की अर्जित रजा नाही. टोचलं की साखर उतरते, आणि उतरणाऱ्या साखरेला थोपवायला पोटात अन्न लागतं. अन्न वेळेवर मिळालं नाही तर साखर उतरतच राहते. घाम फुटतो, हात कापतात, जीभ जड होते, माणूस बेशुद्ध पडतो आणि मरूही शकतो. यावरचा उपाय कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. त्याला साखर म्हणतात.

संध्याताई लहान होत्या तेव्हा घरी फ्रिज नव्हता. वडील डोमाजी जिनिंग फॅक्टरीत कामाला होते. इन्सुलिनची बाटली माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यात ठेवलेली असे, आणि काचेची सिरिंज इंदूबाई चुलीवर उकळत. संध्याकाळी कामावरून आले की डोमाजी पोरीला समोर बसवून सतराचा पाढा म्हणायला लावायचे. पाढा सरळ गेला तर ठीक, अडखळला की तोंडात साखर. एवढ्या एका यंत्रणेवर ती पोर जगली. पोर जगत नाही असं सांगायला त्या काळी पुष्कळ लोक घरी येत, आणि आलेच आहेत तर जाताना उपायही सांगून जात. जांभळाच्या बियांची भुकटी, मेथीदाणे, बेलाची पानं, विजयसारच्या लाकडी पेल्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी, आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे कारलं. चाळीस वर्षांत सांगणारे बदलले, त्यातले काही शुगरनंच वारले, पण कारल्याचं स्थान अढळ राहिलं.

तर अमरावतीच्या ‘साखरविजय मधुमेही मित्र मंडळा’चा वर्धापन दिन होता. मंडळाचे अध्यक्ष श्री. शालिकराम ढोले हे निवृत्त उपअभियंता. मंडळात माणसाच्या वयापेक्षा त्याच्या शुगरच्या वयाला मान होता, आणि यंदा सर्वांत जुन्या मधुमेह्याचा सत्कार करायचा असं ठरल्यावर अनेक ज्येष्ठ सदस्यांनी जुने रिपोर्ट काढून एकमेकांवर अविश्वास दाखवायला सुरुवात केली. एकानं तर दुसऱ्याची शुगर मुळात शुगरच नव्हती, नुसता अशक्तपणा होता, असा लेखी आक्षेप घेतला. मंडळात फूट पडू नये म्हणून सत्कारमूर्ती बाहेरगावची निवडावी असं सर्वानुमते ठरलं, आणि सचिव मनोजभाऊ इंगोले यांनी शोध घेत घेत अकोल्याला फोन लावला.

“मॅडम, अजून हाय ना तुमाले शुगर?”

“आहे.”

“झकास. म्हनजे कार्यक्रम पक्का.”

तरीही मनोजभाऊंना एक शंका होतीच. एवढ्या वर्षांत गेली कशी नाही, असं त्यांनी विचारलं. मंडळाच्या एका मेंबरची तर कारल्याच्या रसानं दोन महिन्यांत गेली होती. ते मेंबर सध्या कसे आहेत, अशी चौकशी संध्याताईंनी केली. मेंबरही गेले, असं मनोजभाऊंनी प्रांजळपणे सांगितलं, पण शुगर त्यांच्या आधी गेली होती.

संध्याताईंना सत्काराची हौस नव्हती. पण जवळच्याच एका गावातली गोष्ट त्यांच्या मनात सलत होती. तिथल्या शाळेतल्या एका पोरीला त्यांच्यासारखीच शुगर होती. तिची साखर वर्गात उतरली, तेव्हा गुरुजींनी तिला कांदा हुंगवला, वारा घातला, तोंडावर पाणी मारलं आणि तिच्या कंपासपेटीतली चॉकलेटं काढून घेतली, कारण पोरीला शुगर होती. पोरगी वाचली, पण त्यात शाळेचा काही हात नव्हता. हे ऐकून संध्याताईंना जो राग आला तो अजून गेला नव्हता. म्हणून त्यांनी मनोजभाऊंना एकच अट घातली की मला बोलायला दहा मिनिटं पाहिजेत. त्यांना सभागृहाला एकच गोष्ट सांगायची होती, साखर उतरली की साखर द्यायची. पण ती नीट समजावून सांगायला दहा मिनिटं लागतील, असा त्यांचा शिक्षकी अंदाज होता.

मनोजभाऊंनी अट तात्काळ मान्य केली आणि मंडळाची योजना सांगितली. सत्कारमूर्तीची तुला करायची होती. आपल्याकडे पुढाऱ्यांची पेढेतुला होते, गुरुजनांची वह्यातुला होते; मधुमेह्याची तुला कशानं करावी यावर कार्यकारिणीत बराच खल झाला. अखेर मंडळाचे सदस्य आणि भाजीचे मोठे बागाईतदार देवीदासभाऊ उमक यांनी आपल्या मळ्यातली कारली देऊ केली. एका बाजूला सत्कारमूर्ती, दुसऱ्या बाजूला कारली. यातून समाजाला योग्य तो संदेश जाईल, याविषयी कुणालाच शंका नव्हती.

राजापेठेतल्या सभागृहाच्या दारावर ‘साखरमुक्त सभागृह’ असा फलक लागला होता. दारात मंडळाचे स्वयंसेवक येणाऱ्यांच्या पिशव्या तपासत होते. संध्याताईंच्या पर्समध्ये बिस्किटं निघाल्यावर ते हादरलेच. संध्याताईंनी समजावून सांगितलं की हे औषधासारखं जवळ ठेवावं लागतं. त्यावर एका वयोवृद्ध स्वयंसेवकानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की सत्कारमूर्तीच्याच पर्समध्ये बिस्किटं निघाली असं उद्या पेपरात आलं तर मंडळानं तोंड कुठं लपवायचं. पुडा जमा झाला. त्याबद्दल ‘मधुर पदार्थ, नग एक, कार्यक्रमोत्तर परत’ अशी रीतसर पावती मिळाली. लिमलेटच्या गोळ्या शुगर मोजायच्या यंत्राच्या खोळीत होत्या म्हणून तेवढ्या वाचल्या.

मंचावर डॉक्टर असायला हवे होते. त्यांना निमंत्रणही होतं. परंतु पत्रिकेत आपलं नाव मंडपवाल्याच्या नावाखाली छापलं आहे हे पाहून ते आले नव्हते.

पत्रिकेत पहिला कार्यक्रम होता, ‘प्रात्यक्षिक: सत्कारमूर्ती स्वहस्ते इन्सुलिन टोचून घेतील. त्यानंतर लगेच भोजन.’ संध्याताई आईचं बोलणं विसरल्या नव्हत्या. त्या उठून मागच्या बाजूला गेल्या आणि जेवण डोळ्यांनी पाहून आल्या. भाकरींची चवड लागली होती, वरणाची वाफ निघत होती, कारल्याची भाजी उतरवून ठेवली होती, ताटं पुसून तयार होती. खात्री पटल्यावर त्या मंचावर आल्या आणि इन्सुलिनचा पेन काढून पोटाला टोचला. टाळ्या झाल्या. जेवण त्यांनी पाहिलं होतं. जेवणाचा प्रोटोकॉल मात्र डोळ्यांना दिसत नसतो.

टाळ्या संपता संपता निरोप आला की प्रमुख पाहुणे निघाले आहेत. प्रमुख पाहुणे म्हणजे एक वरिष्ठ साहेब होते, आणि साहेब निघाले आहेत याचा अर्थ ते अजून घरीच आहेत, हे अमरावतीत लहान पोरालाही कळतं. भोजन तात्काळ स्थगित झालं. संध्याताईंनी अध्यक्षांना सांगितलं की मला ताट वाढून द्या, मी सुई घेतली आहे. शालिकरामजींनी त्यांना शुद्ध भाषेत समजावलं की सत्कारमूर्तींनी प्रमुख पाहुण्यांच्या आधी भोजन करणं हे पाहुण्यांना, सत्कारमूर्तींना आणि भोजनालाही शोभणारं नाही. तूर्त आपण चहा घ्यावा. चहा आला. तो अर्थातच बिनसाखरेचा होता. संध्याताईंनी खोळीतल्या दोन गोळ्या हळूच तोंडात टाकल्या आणि उरलेल्या पुढच्या वेळेसाठी ठेवून दिल्या.

साहेब आले तेव्हा गोळ्यांचा असर ओसरला होता. साहेबांचा फोटो प्रात्यक्षिकाबरोबर हवा होता, म्हणून मनोजभाऊंनी प्रात्यक्षिक पुन्हा करण्याची विनंती केली. एकदा घेतलं आहे, दुसऱ्यांदा घेतलं तर मी मरेन, असं संध्याताईंनी सांगितलं. फक्त एकच फोटो, असं मनोजभाऊ म्हणाले. शेवटी संध्याताईंनी टोपण न काढता पेन पोटाला लावून धरला आणि साहेबांनी त्याला आशीर्वाद दिल्यासारखा हात वर केला. फोटो चांगला आला. पुढे तो मंडळाच्या दिनदर्शिकेवरही छापला गेला.

साहेबांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून संध्याताईंची दहा मिनिटं कमी करून दोन करण्यात आली, आणि दोन मिनिटांत कुणाचं काय होणार म्हणून तीही रद्द झाली. आपलं मनोगत लेखी द्यावं, स्मरणिकेत घेऊ, असं अध्यक्षांनी आश्वासन दिलं. भोजन मात्र तुलेनंतरच होणार होतं, कारण तुलेला साहेब साक्षी हवे होते.

धान्य बाजारातून आणलेला जुना लोखंडी काटा मंचावर उभा केला होता. एका पारड्यात गादी घालून संध्याताईंना बसवलं. बसताना मनोजभाऊंनी त्यांची पर्स काढून घेतली, कारण पर्सचं वजन धरलं तर तुलेच्या शुद्धतेला बाधा आली असती. अशा रीतीनं उरलेल्या गोळ्या आणि शुगर मोजायचं यंत्र नियमानुसार मनोजभाऊंच्या खांद्याला गेलं.

दुसऱ्या पारड्यात कारली ओतायला सुरुवात झाली. एक कॅरेट झालं, दुसरं झालं, पारडं हिरवंगार भरलं, पण संध्याताई जमिनीवरच. कारलं दिसायला भरदार आणि वजनाला फुसकं, हे देवीदासभाऊंना ठाऊक असायला हवं होतं, आणि होतंही. पण त्या दिवशी सकाळी बाजार तेजीत होता, म्हणून तुलेचा अर्धा माल त्यांनी आधी लिलावात काढला होता. आता उरलेली कारली दुकानातून आटोनं येत आहेत, असं त्यांनी जाहीर केलं. तोवर सत्कारमूर्तींनी पारड्यातून उठू नये, कारण त्या उठल्या तर वरचं कारल्याचं पारडं खाली आदळेल. मधला वेळ भरून काढण्यासाठी साहेब बोलायला उभे राहिले. शुगर ही शरीरात नसून मनात असते, आणि मनावर ताबा असेल तर सुईची गरज काय, असं त्यांनी सुरुवातीलाच विचारलं.

संध्याताईंच्या मानेवर घाम आला होता. साहेबांचा आवाज दूर विहिरीतून आल्यासारखा वाटायला लागला. त्यांनी मनातल्या मनात बापाचा पाढा काढला. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पंचे काही केल्या येईना. सतरा पंचे किती हे हजारो पोरांना शिकवलेल्या त्या बाईला भीती वाटली. खरी भीती, आठ वर्षांच्या पोरीला वाटायची तीच.

“मले साखर द्या,” त्या म्हणाल्या.

मनोजभाऊंनी माईक हातात घेतला आणि ताईंच्या विनोदबुद्धीसाठी जोरदार टाळ्यांची विनंती केली. सभागृहानं ती मान्य केली. संध्याताईंनी पुन्हा साखर मागितली. तेव्हा शालिकरामजी खाली वाकून त्यांच्या कानात बोलले.

“आजचा दिवस नको, ताई. घरी गेल्यावर खा. आम्ही काही म्हणणार नाही.”

त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण जीभ जड झाली होती आणि शब्द एकमेकांत अडकले. ताई भावुक झाल्या आहेत, असं माईकवरून सांगण्यात आलं. मग त्यांचे हात कापायला लागले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका अनुभवी सदस्यानं उठून सांगितलं की यांची शुगर वाढली आहे. कारल्याचा रस आणा, असं दोघं-तिघं एकदम बोलले आणि देवीदासभाऊ मिक्सर शोधायला पळाले. मागच्या रांगेतून एका बाईनं, उतरली असंल, असं म्हटलं. मंचावर मतभेद झाले. साहेब प्रशासनातले असल्यामुळे त्यांनी पेच चटकन सोडवला. सत्कारमूर्तींची शुगर वाढली की उतरली हा प्रश्न त्यांनी सभागृहापुढं ठेवला आणि हात वर करून मतदान घेतलं. प्रचंड बहुमतानं वाढली.

शुगर मोजायचं यंत्र पारड्यापासून चार हातांवर, मनोजभाऊंच्या खांद्याला लटकलेल्या पर्समध्ये होतं. परंतु मतदान झाल्यावर पुन्हा मोजणी करणं सभाशास्त्राला धरून नव्हतं. शुगर वाढली म्हणजे इन्सुलिन द्यायचं, एवढं तर सगळ्यांनी सकाळच्या प्रात्यक्षिकात पाहिलंच होतं. मनोजभाऊंनी पर्समधून पेन काढला, टोपण उघडलं आणि ते पारड्याकडे निघाले. त्यांचा चेहरा खरोखर काळजीनं भरलेला होता. माणूस वाईट नव्हता.

संध्याताई पारड्यात, म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसल्या होत्या. तिथून त्यांना दोन गोष्टी दिसत होत्या. एक, उघडा पेन घेऊन जवळ येणारे मनोजभाऊंचे पाय. दुसरी, मुंग्यांची एक रांग. मंचाच्या कडेवरून निघालेली ती रांग साहेबांच्या बुटाला वळसा घालून थेट अध्यक्षांच्या खुर्चीखाली, त्यांच्या रेक्झिनच्या बॅगेत शिरत होती. साखरमुक्त सभागृहाचा फलक मुंग्यांना वाचता येत नव्हता.

संध्याताईंनी उडी मारली. वरचं पारडं धाडकन खाली आलं आणि कारली मंचभर उधळली. साहेब मागं सरकायला गेले, त्यांचा पाय एका कारल्यावर पडला आणि ते मनावर पूर्ण ताबा ठेवून खाली बसले. संध्याताई हातापायांवर रांगत खुर्चीखाली पोचल्या आणि बॅगेची चेन ओढली. आत अर्धा संपलेला पेढ्यांचा पुडा होता आणि एक थर्मास होता. त्यांनी थर्मास तोंडाला लावला. चहा आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला देतात तसा होता, चमचा उभा राहील एवढा गोड.

“ते पेढे माये नाईत बाप्पा,” शालिकरामजी म्हणाले. त्या दिवसभरात ते वऱ्हाडीत बोलले ते एवढंच.

संध्याताईंनी पेढा उचलला तेव्हा मनोजभाऊंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. त्यांना वाटत होतं, ही बाई आपल्या डोळ्यांदेखत विष खात आहे. संध्याताईंनी सचिवांना चावा घेतला. मंडळाच्या कार्यवृत्तात याची नोंद ‘सत्कारमूर्तींनी सचिवांचे व्यक्तिशः आभार मानले’ अशी आहे.

पेढे पोटात गेल्यावर थोड्या वेळानं घाम थांबला. दोन-दोन दिसणारी माणसं पुन्हा एकेक दिसायला लागली. सतरा पंचे पंच्याऐंशी, हे कुठूनतरी आपोआप आलं आणि त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं तोंड पुसून त्या माईकपाशी गेल्या. हातात आणखी एक पेढा होता.

“साखर उतरली का साखर द्याची,” त्या म्हणाल्या. “येवढंच सांगाले आली होती मी.”

सभागृहातल्या बऱ्याच माना डोलल्या. आता तरी कळलं, असं क्षणभर त्यांना वाटलं. मग पहिल्या रांगेतले ते अनुभवी सदस्य हात वर करून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला की म्याडम, कारल्याचा रस उपाशीपोटी घ्यावा का जेवल्यावर?

त्यानंतर भोजन झालं. निघताना पावती दाखवल्यावर बिस्किटांचा पुडा परत मिळाला. तो फोडलेला होता आणि त्यात चारच बिस्किटं उरली होती. दारावरचे स्वयंसेवकही अखेर मधुमेहीच होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. आदल्या दिवशी जेवायच्या आधी संध्याताईंनी यंत्र परत मागून बोट टोचलं, तेव्हा आकडा पेढे खाऊनही कमीच होता, आणि तो मनोजभाऊंनी मागून वाकून पाहिला होता. बातमीत म्हटलं होतं की चाळीस वर्षं कोणत्याही औषधाला दाद न देणारी शुगर समोरच्या पारड्यातल्या कारल्याच्या नुसत्या उपस्थितीनं तासाभरात खाली आली. ती इतकी वेगानं उतरली की रुग्णाला तातडीनं पेढे देऊन थोपवावी लागली. पेढ्यांची व्यवस्था अध्यक्षांनी दूरदृष्टीनं आधीच करून ठेवली होती. शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास करावा, अशी मागणी मंडळानं केली. देवीदासभाऊंनी आणखी दोन एकरांत कारली लावली. आता दर रविवारी मंडळाचे सदस्य पाळीपाळीनं पारड्यात बसतात, आणि अध्यक्ष आपली बॅग हुकाला टांगून ठेवतात.

अकोल्यात मुख्याध्यापकांनी संध्याताईंचं अभिनंदन केलं आणि तो काटा शाळेला मिळेल का, असं विचारलं. संध्याताईंनी मंडळाला खुलासा पाठवला. तो स्मरणिकेत ‘सत्कारमूर्तींचे हृद्य मनोगत’ या मथळ्याखाली, साखर हा शब्द वगळून छापला गेला. इंदूबाईंनी बातमी दोनदा वाचून घेतली.

“मेली असती तं म्हनले असते, कारलं कमी पडलं,” त्या म्हणाल्या, आणि उठून पर्समध्ये नवा पुडा ठेवला.

परवाचीच गोष्ट. संध्याताई काही कामानं अमरावतीला गेल्या होत्या आणि एसटीनं अकोल्याला परत येत होत्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक ट्रक आडवा झाला होता. गाडी जागची हलेना आणि जेवणाची वेळ टळून गेली. मानेवर घाम जाणवला तसा त्यांनी पाढा म्हणून पाहिला. तो सतरा पंचेला अडला. त्यांनी यंत्र काढलं, बोट टोचलं, आकडा पाहिला आणि घाईघाईनं पुडा फोडला.

शेजारचा प्रवासी हे सगळं पाहत होता. अतिशय सज्जन माणूस. गाडीत चढताना त्यानंच ताईंची पिशवी वर ठेवून दिली होती आणि खिडकीची जागाही सोडली होती. त्याच्याही घरी शुगर होती, आईला की सासऱ्यांना. बिस्किट तोंडापाशी गेलं तसं त्यानं मोठ्या आपुलकीनं ताईंचं मनगट धरलं.

“ताई, शुगर आहे ना तुम्हाला? मग बिस्किट कसं खाता?”

या प्रवाशाला तुम्ही चांगले ओळखता. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा पहिल्याच वाक्याला त्याच्या मनात हाच प्रश्न आला होता. मग मंडळाच्या अडाणीपणाला तो मनसोक्त हसला, मनोजभाऊंना ताई चावल्या तेव्हा तर त्याला फार बरं वाटलं. आणि एवढं सगळं होऊन ताईंचं मनगट अजून त्याच्या हातात आहे. ताईंना आता बोलता येत नाहीये. तेव्हा कारल्याचं काय ते आपण नंतर बोलू. आधी त्यांचा हात सोडा.